तुमचा हात, माझी सही

गुलाबचाचा,

तुम्ही गेल्याचं मला नेवाशाच्या बाजारात कळलं. एका कालवडीचा जबडा उघडून मी वय ठरवायला तिचे दात बघत होतो. काष्टीहून जनावरं घेऊन आलेला ट्रकवाला शेजारी विडी ओढत उभा होता. तो सहज म्हणाला, "डाक्टर, तुमचे गुलाबचाचा गेले की. चार दिस झालं." मी जबडा तसाच धरून उभा राहिलो. कालवडीच्या मालकानं विचारलं, "किती दाती हाय?" मला सांगता येईना. मी पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा विसरलो. शेवटी तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब, माझं मलाच ठावं हाय."

'तुमचे' गुलाबचाचा, म्हणाला तो. काष्टीच्या बाजारात कसायासाठी जनावरं घेणारे तुम्ही, आणि भिक्षुकाच्या घरातून आलेला मी. तीन वर्षांत आपण एकमेकांचे कोण झालो होतो, हे त्या ट्रकवाल्याला कळलं होतं. आपण दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

मी काष्टीच्या दवाखान्यात रुजू झालो तेव्हा पदवी कोरी होती आणि अंगावरचा पांढरा कोटही कोरा. पहिल्याच बाजाराला तुम्ही एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बैल माझ्यासमोर आणून उभा केलात. मला पुस्तकातलं चित्र आठवलं. मी ऐटीत म्हणालो, "देवणी." तुम्ही हसला नाहीत. बैलाच्या पाठीवरून तळवा फिरवलात आणि तोच तळवा माझ्या कोटाच्या बाहीवर पुसलात. चांगला चार बोटांचा डाग पडला.

"देवनी असता तर कोट पांढरा ऱ्हायला असता, डाक्टर. ह्यो डांगी. वर अकोल्याच्या डोंगरातला, भंडारदऱ्याकडचा. तिकडं पाऊस लागला की म्हैना म्हैना उघडत न्हाई, म्हनून ह्याच्या कातड्यातच तेल घातलंय देवानं. पानी अंगावर थांबत न्हाई. खूर बघा, कसा काळा दगड. चिखलात कुजायचा न्हाई. आन देवनीचं कान असं खाली लोंबत्यात, ह्याचं बघा, केवढूसं."

भोवतीची माणसं हसली. मी इतका चिडलो की दिवसभर तुमच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलात आणि म्हणालात, "राग धरू नका. पुस्तक लिवनाऱ्यानं बैलाला हात लावला नसंल, त्यात तुमची काय चूक?"

मग तुम्ही मला हात लावायला शिकवलंत. दर बाजारी, पहाटेची गर्दी ओसरली की.

तुमची पारख मांसाची होती आणि तुम्ही ती कधी लपवली नाहीत. "म्हातारं, लंगडं, भाकड, ज्याला दावनीला कुनी ठेवत न्हाई, ते मी घेतो. त्यात लाजायचं काय?" असं म्हणून तुम्ही माझा हात धरून जनावराच्या अंगावर ठेवायचात. "पोट बघायचं न्हाई. पोट पान्यानंबी फुगतं. शेपटीच्या मुळाशी चाचपा. मनक्याच्या बाजूला अंगठा दाबा. छातीखाली चिमटा घ्या. थितं जे लागंल तेवढंच खरं." गीर गाय समोर आली की म्हणायचात, "ही डोळ्याला भरती, काट्याला न्हाई. कपाळ मोठं, कातडं सैल, हाडं दांडगी, बघनारा फसतो." देवणीच्या पुठ्ठ्यावर मात्र थाप मारून खूश व्हायचात, कारण तो आतून भरलेला असायचा. लाल कंधारी बैल लहान दिसला तरी गच्च असतो, हे तुमच्यामुळे मला हाताला कळलं. आणि खिल्लार आला की तुमचा सूरच बदलायचा. कोसा खिल्लार, पांढऱ्यावर किंचित मातकट झाक असलेला, शिंगं मागं जाऊन वर उचललेली, कातडं अंगाला शिवल्यासारखं घट्ट. त्याच्या अंगाला हात न लावताच तुम्ही पुढे जायचात.

"ह्याला का नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"खिल्लार म्हंजी धनुष्याची दोरी, डाक्टर. नुसती शीर आन पळ. दोरी कुनी खातं का?" मग म्हणालात, "आन ह्याला बघितलं का माझ्या हाताला शरम वाटती."

कायदा असा होता की कामाच्या आणि पैदाशीच्या जनावराला कापायला परवानगी नाही. कत्तलीसाठी जाणाऱ्या प्रत्येक जनावराला माझा दाखला लागायचा: 'कामास व पैदाशीस निरुपयोगी', खाली सही, खाली शिक्का. आपला न बोललेला करार झाला होता. तुम्ही जे आणाल ते खरोखरच निरुपयोगी असायचं आणि मी फार न तपासता सही करायचो. वसुबारसेला आईनं गाय-वासराची पूजा केली, की मी त्याच हातानं फुलं वाहायचो. आईनं कधी विचारलं नाही मी काय सह्या करतो ते. तुम्ही मात्र एकदा विचारलंत, "घरी सांगितलंत का?" मी नाही म्हणालो. "नका सांगू," म्हणालात, "त्यांना उगं वंगाळ वाटंल." तुम्हाला काय वाटत असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही.

मग बहात्तर साल आलं.

आधीच्या वर्षीही पाऊस धड नव्हता. त्या वर्षी तर पाठच फिरवली. काष्टीचा बाजार एवढा फुगला की मैदानात जनावरं मावेनात. रस्त्याच्या दोन्ही कडांना, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, जिकडे नजर जाईल तिकडे बरगड्या. आणि त्या बाजारात सगळ्या जातींची किंमत उलटी झाली. ज्या खिल्लारासाठी माणसं जत्रा धुंडाळायची, त्याला कोणी विचारीना, कारण पेरणीच नव्हती तर पळणारा बैल कशाला? देवणी आणि लाल कंधारीच्या अंगावर अजून मूठभर मांस होतं, म्हणून ती आधी खपली. जे गुण तुम्ही मला वर्षभर शिकवले होते, ते जगवण्याच्या कामाचे उरले नव्हते. परक्या गावांचे व्यापारी आले होते. ते दातही बघत नव्हते, नुसती थाप मारून पुढे ढकलत होते. त्यांच्यातले काही सहीसाठी माझ्याकडेही आले. त्यांना मी हाकलून लावलं, आणि धडधाकट बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनाही परत पाठवलं. तेव्हा तुम्ही लांब उभे होतात. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा समाधान होतं की काळजी, हे मला आजही सांगता येत नाही.

अशा एका बाजारी तुम्ही सोपानरावांना घेऊन आलात. दोन दिवस चालून आलेला माणूस, अंगात बंडी, पायात एकच वहाण. मागे कोशा खिल्लारांची जोडी. सहा दाती, ऐन उमेदीतली, खंगली होती तरी माना ताठ.

"लिवा, डाक्टर," तुम्ही म्हणालात.

मी दात पाहिले. खूर पाहिले. म्हणालो, "चाचा, हे बैल निरुपयोगी नाहीत. दहा वर्षं काम करतील."

"काम करतील, व्हय. पर खातील काय?"

"छावणी आहे."

"छावनी भरली. आत घेत न्हाईत. ह्यो तीन दिस थितं दारात बसून आलाय."

"मग मी काय करू? निरुपयोगी नसलेल्या जनावराला निरुपयोगी लिहू?"

तेव्हा सोपानराव पहिल्यांदा बोलले. खाली बघून. "सायेब, म्या ह्यांना माझ्या हातानं पाजलंय. मला का हौस हाय? पर दावनीला उपाशी मेल्यालं मला बघवनार न्हाई."

मी तरुण होतो, चाचा. भोवती माणसं जमली होती. मला वाटलं, सगळा बाजार बघतोय की डॉक्टर विकला जातो का. मी तुम्हाला म्हणालो, "तुमचं काय, तुमचा धंदाच आहे."

तुम्ही सोपानरावांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि जोडी वळवून दिलीत. ती गर्दीतून जाताना त्यांची शिंगं बराच वेळ माणसांच्या डोक्यांवरून दिसत होती. मला अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही दवाखान्यात आलात. "सायकल काढा, डाक्टर. औशद घ्या बरुबर." कुठे, कशाला, काही सांगितलं नाहीत. दीड-दोन मैलांवर, घोड नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली तो पडला होता. मान लांब टाकून. दुसरा बैल त्याच्याजवळ उभा होता, हलत नव्हता. सोपानराव उपरण्यानं कावळे हाकत बसले होते.

मी ग्लुकोजची बाटली लावली. सुई शिरेत जाईना, शीर सापडेना. एकदा सापडली तर अर्धी बाटली जाऊन तो धडपडला, आणि पुन्हा पडला. मी त्याच्या शेपटीच्या मुळाशी हात घातला, तुम्ही शिकवलं होतं तसा. तिथं काहीच उरलं नव्हतं. एका डोळ्यावर कावळ्यानं चोच मारली होती.

"उठंल का?" सोपानरावांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाचा, सोडवा आता त्याला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चार दिवसांपूर्वी तुम्ही माझी सही मागितली होती. आता काही मागत नव्हतात, तरी थांबला होतात. मी म्हणालो, "डोकं मी धरतो."

तुम्ही सोपानरावांना नदीकडे चालायला सांगितलंत. ते पाठ करून बरेच लांब जाईपर्यंत थांबलात. दुसरा बैल मी बाभळीच्या पलीकडे नेऊन बांधला, त्याला दिसू नये म्हणून. मग मी गुडघ्यावर बसलो आणि ते लांबट, रेखीव डोकं मांडीवर घेतलं. तुम्ही ओठांत काहीतरी पुटपुटलात. तुमचा हात इतका हलका होता की मला आधी कळलंच नाही. कळलं ते मांडीवर ओघळलेल्या रक्ताच्या उष्णतेनं. माझी पँट होती, खाकी. ती मी नंतर पुष्कळ दिवस ठेवली होती, आणि एक दिवस आईनं जुनी म्हणून बोहारणीला दिली.

"मांस?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

"ह्याचं काय मांस," तुम्ही म्हणालात. "पुरू."

आपण तिघांनी खड्डा खणला. जमीन लोखंडासारखी होती. खणताना मी वाट बघत होतो, तुम्ही कधी म्हणता, 'बघितलंत? त्याच दिवशी लिवलं असतं तर?' तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर बरं झालं असतं. शेवटी मीच म्हणालो, "चाचा, माझं चुकलं." तुम्ही फावडं टेकवून म्हणालात, "न्हाई चुकलं. तुमी न्हाई म्हनलं ते बराबर म्हनलं. बराबर म्हनूनबी असं होतं कदी कदी." 

मग दुसऱ्या बैलाचं काय, हा प्रश्न उरला. मी पिशवीतून दाखल्यांचं पुस्तक काढलं आणि बाभळीच्या सावलीत बसून लिहिलं: 'सदर जनावर शुद्ध खिल्लार जातीचा पैदाशीचा वळू असून त्याचे जतन होणे आवश्यक आहे.' पैदाशीच्या जनावरांसाठी छावणीत थोडी जागा राखून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. खाली सही केली, शिक्का मारला.

तुम्ही कागद हातात घेतलात, वाचता येत नसूनही उलटसुलट पाहिलात आणि काय लिहिलं ते विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही बैलाकडे पाहिलंत. तो बैल होता, चाचा, कधीचाच बडवून खच्ची केलेला बैल. त्या तसल्या दिवशी, हात मातीनं आणि रक्तानं भरलेले असताना, तुम्ही मोठ्यानं हसलात. "बैलाला वळू केलं! आता ह्याची वासरं कुनाकडं मागायची?" सोपानरावही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. छावणीच्या मुकादमानं कागद वाचला, खाली वाकून बैलाच्या मागच्या पायांत बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि फाटक उघडलं.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. तुम्ही म्हणायचात, कायद्यानं दात बघू नयेत, वैरण बघावी. उपाशी मरणाऱ्याला सोडवणं हे पाप नव्हे. मी म्हणायचो, एकाला सही दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. मग एका दुष्काळात खिल्लाराचं बीच संपेल, पाऊस पडल्यावर नांगराला काय जुंपायचं, माणसं? तुम्ही म्हणायचात, "जिवंत ऱ्हाइल तवाच जुंपाल ना." मी म्हणायचो, "परके व्यापारी काय करत होते, पाहिलंत ना?" त्यावर तुम्ही उठून जायचात आणि पुढच्या बाजारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात. मी चिडायचो. मला वाटायचं, तुम्हाला माझी सही हवी आहे आणि ती मिळत नाही म्हणून तुम्ही कुरकुर करता. एवढंच वाटायचं. माझी बदली झाली तेव्हाही आपण निरोपाऐवजी हेच भांडलो. एसटी सुटताना तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, "नेवाशाला जाऊन इचार करा, डाक्टर." मी म्हणालो, "तुम्हीच करा." हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी मी काष्टीला आलो. चाची आतल्या खोलीत होत्या. दारातूनच चार शब्द झाले. त्या म्हणाल्या, "तुमच्या नावानं लई भांडायचे घरात. एकटेच." मी बाहेर आलो. ओट्यावर सोपानराव बसले होते. बैल गाडीला जुंपून आले होते. माझा तो वळू. आता त्याच्या जोडीला दुसरा होता, ठेंगणा, त्याच्याबरोबर न शोभणारा.

आम्ही दोघं कबरस्तानापर्यंत चाललो. मी म्हणालो, "त्या दिवशी चाचा मला बोलवायला आले नसते तर मला कळलंही नसतं."

सोपानराव थबकले. "चाचा कुठं बोलवत हुते? म्या हट्ट धरला. बैल पडला त्याच दिशी चाचाला दिसलो आमी. दोन दिस त्यांनी कळशीनं पानी आनलं, कुठनं तरी कडब्याची पेंढी आनली. म्या म्हनलं, ज्यानं न्हाई म्हनलं त्या डाक्टरला आना, बघू दे त्याला. तर माझ्यापुढं हात जोडले त्यांनी. म्हनले, नको. 'मागची म्या त्याला दावली न्हाईत, ही बी नको दावायला.'"

"मागची? मागची कोणती?"

सोपानराव पुन्हा चालू लागले.

"सोपानराव, कोणती?"

"तुमी परत पाठवल्याली," ते म्हणाले. "समदी काय घरला पोचली न्हाईत, सायेब. रस्त्यानं पडली की चाचा जायचे. कुठं सोडवायचे, कुठं पुरायचे. मालकाला सांगायचे, डाक्टरच्या कानावर घालू नका."

"का पण? दर बाजारी माझ्याशी भांडायचे, सही कर म्हणायचे. एकदा दाखवलं असतं तर मी केली असती सही."

"म्हनूनच. म्या बी तेच इचारलं. तर म्हनले, 'त्या पोराला दिसलं तर त्यो उद्या समद्याच कागदावर सही करील. मग मला कोन थांबवील? त्यो न्हाई म्हनतो म्हनून माझा हात थांबतो. त्याचं न्हाई म्हननं ऱ्हाऊ दे.'"

चाचा, मी तुमच्या कबरीवर मूठभर माती टाकली. किती होती ती जनावरं? कोणाची? सोपानराव म्हणाले, "आता नका इचारू. सांगनारा गेला." तीन वर्षं मला वाटत होतं की तुम्ही मला हो म्हणायला लावताय. तुम्हाला माझं 'नाही'च हवं होतं, आणि त्या 'नाही'ची सगळी प्रेतं तुम्ही एकट्यानं पुरलीत, खाटिकाचा माणूस म्हणून माझे टोमणे ऐकत. त्या दिवशी तुमच्या धंद्याबद्दल जे बोललो, त्याची माफी राहूनच गेली; 'माझं चुकलं' म्हणालो होतो ते फक्त एका बैलापुरतं.

मी तुमचा आभारी आहे. तुमच्यामुळे इतकी वर्षं मला झोप लागली. आणि तुम्ही मला न सांगता ती झोप दिलीत, याचा मला इतका राग आला आहे की परतीच्या एसटीत मी नुसता हाताच्या मुठी वळून बसलो होतो. काल नेवाशाच्या दवाखान्यात पुन्हा दाखल्याचं पुस्तक उघडलं, आणि माझं 'नाही' आता खरंच माझं आहे की तुम्ही राखलेलं, हे मला कळेना. हे मी कोणाशी बोलू? बाजारात दुसरं कोणी माझ्याशी भांडत नाही.